कॅनडात दूध महाग का?

ऑन्टारियोत दूध पिशवीत मिळतं. मोठ्या पिशवीत तीन छोट्या, मिळून चार लिटर. एक काढायची, जगमध्ये उभी ठेवायची आणि कोपरा कापायचा. पण बिलावरचा आकडा बघून नवखा माणूस चक्रावतोच.

यामागे आहे ‘सप्लाय मॅनेजमेंट’. दूध, अंडी आणि कोंबडी यांचं उत्पादन देशाच्या गरजेइतकंच ठेवायचं, अशी ही १९७०च्या दशकापासूनची व्यवस्था. दूध विकायचं तर शेतकऱ्याकडे कोटा हवा. ऑन्टारियोत रोजच्या एक किलो स्निग्धांशाच्या कोट्याची कमाल किंमत २४,००० डॉलर! ठरल्यापेक्षा जास्त आयात झाली, तर लोण्यावर तब्बल २९८.५ टक्के शुल्क.

ग्राहक म्हणतात, भुर्दंड आम्हाला. शेतकरी म्हणतात, भाव स्थिर राहतो, सरकारपुढे हात पसरावे लागत नाहीत. दोघांचंही खरं आहे.

राजकारणात मात्र शेतकऱ्यांचं पारडं जड. २०१७ साली ही व्यवस्था मोडायला निघालेले मॅक्सिम बर्निए कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक थोडक्यात हरले. जिंकलेल्या अँड्र्यू शीअर यांनी पत्रकारांच्या मेजवानीत व्यासपीठावरच दुधाचा खोका तोंडाला लावला! या व्यवस्थेवरून अमेरिकेच्या ट्रम्प यांनी कितीही आदळआपट केली, तरी जून २०२५मध्ये कायदाच झाला: व्यापार करारात यापुढे या क्षेत्रात आणखी सवलत द्यायची नाही.

कॅनडातल्या मंडळींनो, तुमचं मत कुणाच्या बाजूने?