उत्तरं जुळली नाहीत, म्हणून थांबू नका

सीईटीचा पेपर सुटला की फाटकाबाहेरच मुली विचारू लागतात, "तुझं काय आलं?" चार उत्तरं वेगळी निघाली की लेक घरी येऊन म्हणते, "आई, माझं गेलं." खरंच गेलं का?

इंजिनिअरिंगची सीईटी संगणकावर, बरेच दिवस, वेगवेगळ्या सत्रांत होते. सत्र बदललं की पेपर बदलतो. त्यामुळे सकाळचा पेपर दुपारच्या पेपराशी ताडून काही कळत नाही. "दहा चुकले" यावरूनही अंदाज येत नाही. गणिताच्या प्रश्नाला २ गुण, भौतिक आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नाला १. चुकलं तरी गुण कापत नाहीत. निकाल लागतो पर्सेंटाइलमध्ये. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातल्या १०० पैकी ९० जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी, असा त्याचा अर्थ. पेपर अवघड गेला, तर तो इतरांनाही गेलेला असतो.

खरा ताळा उत्तरतालिकेशीच करायचा. ती लेकीच्या लॉगिनमध्ये येते, सोबत तिची उत्तरंही दिसतात. हरकत असेल तर मुदतीत, शुल्क भरून नोंदवावी.

"गेलं" म्हणून घरं हातपाय गाळतात, तिथेच खरं नुकसान होतं. प्रवेशासाठी कॅपची नोंदणी वेगळी करावी लागते. डोमिसाईल, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी, ही कागदं एका दिवसात मिळत नाहीत.

तेव्हा त्या संध्याकाळी "किती बरोबर?" विचारू नका, पोटभर वाढा. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून कागदांची फाईल काढा.