महामारीनंतर रोजगार कुठे परतला?



सन २०२० च्या महामारीतून देश सावरला, असे आपण वर्तमानपत्रांत पुष्कळदा वाचले. आकड्यांपुरते ते खरे आहे. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या मानाने २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा सरकारी अंदाज त्या वेळी जाहीर झाला होता. साऱ्या वर्षाची घट पुढे ५.८ टक्के धरली गेली आणि २०२१-२२ साली नऊ टक्क्यांहून अधिक वाढ झाली. म्हणजे खड्डा भरून निघाला. परंतु गेलेली माणसे कामावर परत आली का, आणि आली ती कोणत्या कामावर, हा हिशेब निराळा आहे. तो आपल्या शिवारात येऊन थांबतो, म्हणून हा लेख.

त्या पहिल्या तिमाहीत बांधकाम, कारखानदारी, हॉटेल, वाहतूक सगळं खाली गेलं. शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. शेतकऱ्याने याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच्या जोडीला दुसरा आकडा ठेवून बघा. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीप्रमाणे २०१८-१९ साली देशातल्या शंभर कामकऱ्यांपैकी साडेबेचाळीस शेतीत होते. २०२०-२१ मध्ये ते साडेशेहेचाळीस झाले. कित्येक वर्षे शेतीवरचा भार हळूहळू उतरत होता, तो उलटा फिरला. आणि साथ ओसरल्यावरही उतरला नाही, २०२३-२४ च्या पाहणीत हा आकडा ४६.१ होता.

हे काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन एकर उसाला पाणी द्यायला एक माणूस पुरत होता, तिथे बांधावर तिघे उभे राहिले. पाहणीत ते तिघेही ‘कामावर’ धरले जातात. टनेज मात्र माणसं वाढली म्हणून वाढत नाही.

दुसऱ्या देशांत काय केलं, तेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत एक जुनी पद्धत आहे. मंदी आली की कारखाना मजुराला काढून टाकत नाही, त्याचे तास कमी करतो आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा सरकारी बेकारी विम्यातून दिला जातो. एप्रिल २०२० मध्ये जवळपास साठ लाख कामगार असे कमी तासांवर होते. बेकारी वाढली, पण थोडी. अमेरिकेत उलट झाले. माणसे भराभर कामावरून कमी झाली, त्यांना थेट पैसे वाटले गेले, आणि एप्रिल २०२० मध्ये १४ टक्क्यांच्या वर गेलेली बेकारी २०२१ च्या अखेरीस चार टक्क्यांच्या खाली आली. दोन्ही देशांजवळ पैसा होता, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे हातावर पोट असणाऱ्याचे नाव बहुतेक ठिकाणी कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. ठेकेदाराने फोन बंद केला की नाते संपले. मग तो चालत गावाकडे निघाला.

आता आपल्याच धंद्यातले बघू. टाळेबंदी २४ मार्च २०२० च्या मध्यरात्री सुरू झाली तेव्हा गळीत हंगाम शेवटच्या टप्प्यात होता. ऊसतोडणी मजूर कोप्यांवर अडकले. कारखान्यांनी त्यांच्या जेवणखाणाची, निवाऱ्याची सोय करावी असे ठरले, आणि १७ एप्रिलला राज्य सरकारने तपासणी करून सव्वा लाखावर मजुरांना गावी जायची परवानगी दिली. हाल झाले, त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. तरीपण मजूर, मुकादम आणि कारखाना यांचा धागा तुटला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तोडणीच्या दरात सरासरी १४ टक्के वाढ ठरली, टोळ्या आल्या, आणि राज्यात १०६ लाख टनांच्या आसपास साखर झाली. आदल्या वर्षी दुष्काळ आणि महापुराने ती ६२ लाखांवर आली होती. पुढच्या वर्षी १३७ लाख टनांचा विक्रम झाला. जिथे नाते टिकले तिथे काम लवकर उभे राहिले, असे माझे मत आहे. अर्थात हा धागा उचलीचाही आहे, आणि उचल म्हणजे कर्जच, हेही तितकेच खरे. जानेवारी २०२४ मध्ये दर आणखी ३४ टक्क्यांनी वाढले, ते योग्यच झाले.

गावात पैसा फिरता राहिला तो दोन वाटांनी. एक रोजगार हमीची. ही कल्पना मूळची आपल्या मातीतली. वि. स. पागे यांच्या विचारातून ती निघाली, १९७२ च्या दुष्काळाने तिला बळ दिले आणि २००५ मध्ये तिचा देशाचा कायदा झाला. २०२०-२१ मध्ये या योजनेवर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले. साडेसात कोटी कुटुंबांच्या चुली त्याने पेटत्या राहिल्या. दुसरी वाट ऊसबिलाची. बिल वेळेवर निघाले की दुकानदार, ट्रॅक्टरवाला, गवंडी सगळ्यांपर्यंत जाते. थकले की सगळेच थकतात.

बिलाच्या बाबतीत इथेनॉलने हात दिला. २०१९-२० मध्ये देशात पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळत होते, २०२२ साली ते दहा टक्के झाले, २०२५ मध्ये वीस टक्क्यांच्या घरात गेले. मध्ये डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने लगाम घातला आणि कारखान्यांची गणिते विस्कटली, तेही लक्षात असू द्या. शिवाय आसवनीत माणसे थोडी लागतात. तिच्यामुळे रोजगार होतो तो बिल वेळेवर निघाल्यामुळे. गेटवर नोकरी मागायला येणाऱ्या पोरांना हे स्पष्ट सांगितलेले बरे.

मग घरी परतलेल्या मुलाने करायचे काय? दोन एकराचे चार तुकडे करून भागणार नाही. उसाच्या भोवतीची कामे त्याने धरावीत. ठिबक बसवणे, खोडवा तासणी यंत्राचे भाडे, पाचट कुट्टी, ही सगळी आहेतच. पण मी आग्रह धरेन तो रोपवाटिकेचा. दोन डोळ्यांची टिपरी लावायची तर एकरी दहा हजार टिपऱ्या लागतात, म्हणजे अडीच-तीन टन ऊस मातीत जातो. साडेचार बाय दोन फुटांवर रोपे लावली तर एकरी ४,८४० रोपे पुरतात. नांग्या कमी, बेणे शुद्ध. एका डोळ्याचे रोप ट्रेमध्ये पाच-सहा आठवड्यांत तयार होते. पंचवीस एकरांची रोपे करायची म्हटली तर सव्वा लाख रोपे झाली. डोळे काढायला, ट्रे भरायला गावातल्याच बायकांना रोज मिळतो. साडेचार फुटी सरीत पुढे तोडणी यंत्रही चालते. आपल्या गटात परत आलेल्या काही मुलांनी हे काम सुरू केले आहे आणि ती आता चाकणची वाट बघत बसलेली नाहीत.

एकच अडचण वारंवार येते. बेणे कोणाच्याही खोडव्यातून आणतात आणि ८६०३२ म्हणून भलतेच रोप विकले जाते. नऊ-दहा महिन्यांच्या, नोंद केलेल्या बेणे प्लॉटशिवाय डोळा घेऊ नये. बेणेप्रक्रिया टाळू नये.

आडसाली लागणीसाठी रोपे जुलैच्या मध्यापासून लागतात, तेव्हा डोळे जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये पडले पाहिजेत. रोपवाटिका करू इच्छिणाऱ्यांनी मे अखेर गट कार्यालयात नोंद करावी. नोंदीला येताना घरच्या मुलालाच घेऊन यावे. त्याच दिवशी त्याला बेणे प्लॉट दाखवायचा आहे.