कोळंबी तलावातील पाण्याचे निर्जंतुकीकरण: लक्ष्य विषाणूच्या वाहकांवर

पांढरे ठिपके रोगाचा विषाणू १९९४ मध्ये भारतातील कोळंबी तलावांत आढळला. या रोगावर आजही औषध नाही. प्रादुर्भावानंतर तीन ते दहा दिवसांत संपूर्ण पीक हातचे जाऊ शकते. त्यामुळे चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्था (सिबा) प्रतिबंधावर भर देते. पालघर-रायगडच्या खाडीकाठच्या संवर्धकांसाठीही हाच मार्ग आहे.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला या रोगाची रीत परिचित वाटते. शेतात पांढरी माशी किंवा मावा विषाणू पसरवतात; तलावात तेच काम खेकडे, जंगली कोळंबी आणि लहान कवचधारी प्राणी करतात. मोकळ्या पाण्यात हा विषाणू काही दिवसच टिकतो, वाहकाच्या शरीरात मात्र दीर्घकाळ जिवंत राहतो.

म्हणून खाडीचे पाणी प्रथम ६० मेशच्या जाळीतून गाळून साठवण तलावात घ्यावे. जाळीतून सुटलेली अंडी क्लोरीनलाही सहज दाद देत नाहीत. पाणी दोन-तीन दिवस स्थिर ठेवल्यास ती उबतात आणि बाहेर पडलेले जीव मारता येतात. त्यानंतर सुमारे ३० टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर प्रति घनमीटर ६० ग्रॅम या प्रमाणात वापरावी. एक हेक्टर क्षेत्राच्या, एक मीटर खोल पाण्यासाठी ६०० किलो पावडर लागते. उघड्या पोत्यातील जुन्या पावडरीचा कस उतरलेला असतो.

सामू आठच्या वर गेल्यास क्लोरीनची परिणामकारकता घटते. म्हणून चुना आधी टाकू नये. उन्हात क्लोरीन लवकर नष्ट होत असल्याने पावडर सायंकाळी टाकावी व एरेटर चालवून पाण्यात सर्वत्र मिसळावी. हातमोजे व मुखपट्टी आवश्यक. उर्वरित क्लोरीन शून्य झाल्याची चाचणी केल्यावरच प्लवंग तयार करावेत आणि पीसीआर तपासणी केलेले बीज सोडावे.

खेकड्यांसाठी बांधावर जाळीचे कुंपण घालावे. कीटकनाशक वापरू नये. कीटक आणि कोळंबी दोन्ही संधिपाद संघातील असल्याने कीटकांना मारणारे विष कोळंबीलाही घातक ठरते.

रोग आलाच, तर तलावातील पाणी क्लोरीन प्रक्रियेविना खाडीत सोडू नये. त्याच खाडीतून शेजारचा संवर्धक पाणी उचलतो. विस्तार कार्यकर्त्यांनी ही बाब प्रत्येक गटबैठकीत आवर्जून मांडावी.