मर्यादा कशावर मोजावी?

मासा हा आपल्या घरांत बोलण्याचा विषय नव्हे. तरीही एका माशाचा हिशेब व्यापारी कुटुंबांनी जाणून घ्यावा असा आहे. हा मासा म्हणजे अटलांटिक महासागरातील ब्लूफिन ट्यूना. कोकणातील कोळी ज्याला कुपा म्हणतात, त्याच्याच कुळातील. परंतु आकाराने प्रचंड, कधीकधी पाचशे किलोंहूनही अधिक वजनाचा. अंडी घालण्यासाठी याचा पूर्वेकडील समूह उन्हाळ्याच्या आरंभी भूमध्य समुद्रात एकत्र येतो आणि नेमके तेथेच त्याला जाळ्यांनी वेढतात. जिवंत मासे पिंजऱ्यांतून ओढत नेऊन काही महिने पुष्ट केले जातात. त्यांतील बहुतेक जपानच्या बाजारात जातात.

या माशांच्या व्यवस्थेसाठी 1966 साली रिओ दि जानेरो येथे करार झाला. त्यातून जन्मलेला आंतरराष्ट्रीय आयोग माद्रिद येथून काम पाहतो आणि दरसाल किती टन मासा धरावा व कोणत्या देशाचा वाटा किती, हे ठरवतो.

कॅश क्रेडिट घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यास ठाऊक असते की मंजूर मर्यादा कितीही असो, उचल करता येते ती गोदामातील मालाच्या प्रमाणात. आयोगाने नेमका हाच नियम मोडला. शास्त्रज्ञांचा सल्ला सुमारे 15,000 टनांचा असताना 2007 सालासाठी 29,500 टनांची मर्यादा मंजूर झाली. आणि त्या वर्षी प्रत्यक्ष पकड सुमारे 61,000 टन झाली असावी, असा अंदाज आयोगाच्याच शास्त्रज्ञांनी पुढे मांडला. बँकेत असे खाते केव्हाच बुडीत ठरले असते!

2010 साली दोहा येथील परिषदेत मोनॅकोने या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी सुचवली. 20 मते बाजूने, 68 विरुद्ध, ठराव पडला. मात्र बंदीच्या धास्तीने आयोग जागा झाला होता. मर्यादा 13,500 टनांवर आणि पुढे 12,900 टनांवर आली. तीस किलोंखालील मासा, काही अपवाद सोडल्यास, धरण्यास मनाई, जाळ्यांच्या मोठ्या जहाजांना जेमतेम महिन्याभराचा हंगाम, जहाजावर निरीक्षक, आणि प्रत्येक मालाबरोबर पकडीपासून विक्रीपर्यंतचा दाखला. दाखला नसेल तर माल विकता येत नाही. माझ्या मते खरे काम या कागदाने केले. नुसता आकडा खाली आणून भागले नसते.

2021 साली या जातीचे नाव जागतिक सूचीतील संकटग्रस्त वर्गातून निघाले. पण त्याचे फळ काय? 2023 ते 2025 या वर्षांसाठी दरसाल 40,570 टन पकडण्याची परवानगी!

येथे आपले मन अडते. श्रावकाचे परिमाणव्रत स्वतःच्या इच्छेला बांध घालते. हा कायदा उद्याची पकड शाबूत राहावी म्हणून आजची आवरतो. जाती वाचली, हे खरेच. परंतु पंचेंद्रिय जीवाची गणना येथे टनांत होते आणि साठा वाढला की वधाची मुभाही वाढते. या नियमांना मी निरर्थक म्हणणार नाही; ते नसते तर कदाचित मोजायलाही मासा उरला नसता. मात्र त्यांना जीवदया म्हणणे बरोबर नाही.

दुसरी वाट आपल्याच देशात आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, विशेषतः वेरावळ परिसरात, व्हेल शार्क हा अजस्र मासा तेलासाठी व मांसासाठी मारला जाई. 2001 साली भारताने त्यास वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले. वाटा नाही, हंगाम नाही. शिकार पूर्ण बंद. पुढे मोरारी बापूंनी त्यास माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि ‘व्हाली’ हे नाव कोळ्यांच्या तोंडी रुळले. हा मासा चुकून जाळ्यात आला, तर कोळी आपले महागडे जाळे कापून त्यास सोडून देतात आणि गुजरातचे वनखाते जाळ्याची भरपाई देते. असे शेकडो मासे आजवर समुद्रात परत गेले आहेत.