हजार अंशांवरून खाली उतरताना

२०२१ साली नासाचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर मंगळावर उतरला, तेव्हा त्याच्या पोटात गाडीच्या बॅटरीएवढं एक यंत्र होतं: मॉक्सी. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. मॉक्सीने २०२३ पर्यंत १६ वेळा चालून त्यातून १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. हे काम सिरॅमिकच्या पातळ चकत्यांनी केलं, तेही सुमारे ८०० अंश सेल्सिअसला. यांना म्हणतात सॉलिड ऑक्साइड सेल.

हा सेल दोन्ही दिशांनी चालतो. हायड्रोजन आणि हवा दिली की वीज मिळते. वाफ आणि वीज दिली की हायड्रोजन मिळतो. उलट्या दिशेत लागणाऱ्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेतून भागतो, त्यामुळे वीज कमी लागते. पोलाद किंवा खताच्या कारखान्यात वाया जाणारी उष्णता इथे कामी येऊ शकते.

दोन्ही दिशांना मधल्या घन थरातून ऑक्सिजनचे आयन जातात. घनातून कसे? झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये थोडं यिट्रियम मिसळलं, की दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. लोकलमध्ये कोणी उठलं की शेजारचा सरकतो, मग त्याच्या शेजारचा. आयनही असेच सरकतात. पण त्यासाठी उष्णता लागते. १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये बाउर आणि प्राइस यांनी झिर्कोनियाचे पहिले इंधनघट चालवले, ते १००० अंशांवर.

एवढ्या तापमानात सेल एकमेकांना जोडणारे भागही सिरॅमिकचेच लागतात: महाग आणि ठिसूळ. ८०० अंशांच्या खाली आलो की पोलाद चालतं. पण तिथे आयन मंदावतात. त्यावर दोन उपाय आहेत. एक, थर पातळ करायचा. आज तो १० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शापर्यंत आला आहे. दुसरा, पदार्थच बदलायचा. गॅडोलिनियम मिसळलेल्या सिरियम ऑक्साइडमधून आयन ५००–६०० अंशांनाही चांगले जातात. ब्रिटनमधली सेरेस ही कंपनी असे सेल पोलादी पत्र्यावर बनवते.

मात्र प्रत्येक उपाय नवं दुखणं आणतो. पोलादातलं क्रोमियम वाफ होऊन हवेकडच्या इलेक्ट्रोडवर बसतं, म्हणून पोलादावर मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडचा लेप द्यावा लागतो. कमी तापमानाला चांगला चालणारा स्ट्रॉन्शियमयुक्त इलेक्ट्रोड झिर्कोनियाला चिकटला, की दोघांत वीज अडवणारा थर तयार होतो; मग मध्ये सिरियम ऑक्साइडची पातळ भिंत घालावी लागते. हायड्रोजन बनवताना तर दुसऱ्या बाजूचं निकेलच हळूहळू जागा सोडून दूर सरकतं. यावर पक्का इलाज अजून शोधला जातोय.

हे सगळं एवढं महत्त्वाचं का, ते साध्या हिशोबात दिसतं. ५ वर्षं म्हणजे सुमारे ४४,००० तास. दर १००० तासांत सेलची क्षमता मूळच्या १ टक्क्याने घसरली, तर ५ वर्षांत ती ४४ टक्के घटते. घसरण ०.२ टक्क्यावर आणली, तर फक्त ९ टक्के. मॉक्सीला थोडे तास चालायचं होतं आणि तेवढं ती चालली. कारखान्याला मात्र वर्षानुवर्षं टिकणारा सेल हवा. तो मिळेल की नाही, हे केसाहून बारीक थरांच्या सीमेवर ठरणार आहे.