शिक्का की सांधणी? : मुलांच्या हातून घडणाऱ्या गुन्ह्यांविषयी

बावीस वर्षांपूर्वी आमच्या चकलांब्यात एका शेतकऱ्याच्या विहिरीवरील मोटारीची केबल चोरीला गेली. दोन दिवसांनी ओढ्यात जाळलेल्या केबलची राख सापडली आणि तांबे भंगारात विकणारा चौदा वर्षांचा मुलगाही सापडला. त्याला पारावर आणून बांधले, मारले. मी तेथे होतो. मारले नाही, पण थांबवलेही नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते. तो आजीजवळ राहत होता. त्यानंतर तो शाळेत आला नाही. गावात काहीही हरवले की लोक आधी त्याच्या दाराशी जात.

काही दिवसांनी तो शेतकरी मला म्हणाला, "पोराला हाणलं समद्यांनी; पण माझा गहू करपला त्याचं काय? मला कुणी इचारलं का, तुला काय पाहिजे म्हणून?"

या प्रश्नाने मला वाचनाला लावले. माझ्याजवळ या विषयाची पदवी नाही. मिळतील ती पुस्तके, कायदे आणि अहवाल वाचत गेलो. त्यातून जे उमगले, ते येथे मांडतो.

लंडनच्या दक्षिण भागातील कामगारवस्तीत १९६१ साली एक अभ्यास सुरू झाला. आठ-नऊ वर्षांची ४११ मुले निवडून डोनाल्ड वेस्ट आणि पुढे डेव्हिड फॅरिंग्टन या संशोधकांनी त्यांचा अनेक दशके मागोवा घेतला. घरची गरिबी, आईवडिलांतील बेबनाव, मुलांवर देखरेख नसणे, घरात आधीच कोणी गुन्ह्यात अडकलेले असणे, शाळेत मागे पडणे, उतावळा स्वभाव या गोष्टी जितक्या एकत्र येतील, तितकी पुढे गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता वाढते, असे दिसले. यांनाच जोखीम-घटक म्हणतात. त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या. यांतले अनेक घटक असूनही कितीतरी मुले सरळ मार्गाने गेली. आणि अर्ध्याहून अधिक गुन्हे जेमतेम सात टक्के मुलांच्या नावावर जमा झाले.

म्हणजे जोखीम हे भाकीत नव्हे. आभाळ भरून आले म्हणजे पाऊस पडेलच असे नाही. पण शहाणा माणूस खळ्यावरचे धान्य झाकून ठेवतो.

बीड जिल्ह्यातले भरून आलेले आभाळ कोणते, हे सांगायला लंडनचा अभ्यास लागत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे आमच्याकडे 'एक कोयता', दसऱ्यानंतर गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मुले सोबत गेली तर शाळा सुटते. मागे राहिली तर पाच-सहा महिने थकलेल्या आजी-आजोबांच्या स्वाधीन असतात. याच काळात गोदाकाठच्या चोरट्या वाळूच्या धंद्यात रात्री राखण बसायला पोरे लागतात आणि रोख पैसे मिळतात. शासनाने हंगामी वसतिगृहे काढली ती अशा मागे राहणाऱ्या मुलांसाठी. तेथे वेळेवर मिळणारे जेवण आणि मुलगा शाळेत गेला का, हे विचारणारे माणूस, हीच गुन्हा रोखण्याची पहिली पायरी आहे. तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही, एवढेच.

मात्र जोखमीची यादी दुधारी आहे. 'काय कमी आहे' हे शोधायला ती वापरली तर मुलगा वाचतो. 'कोण चोर होणार' हे ठरवायला वापरली तर त्याच्यावर शिक्का बसतो. आपल्या देशाने हा शिक्का कायद्याने मारून पाहिला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्ह्याचा पुरावा मानले. १९११ साली त्याची व्याप्ती वाढली आणि १९५२ साली तो रद्द झाला. पण पारध्याच्या पालावरचा संशय गेला नाही. लातूर भागातून आलेल्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले, ते याच शिक्क्याखालचे जगणे सांगणारे होते.

'एकदा ठाण्यात नेऊन दम द्या, सुधारेल' हा उपाय गावोगाव सुचवला जातो. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरवण्याचे कार्यक्रम चालले. पुढे त्यांची नीट तपासणी झाली तेव्हा उलटेच दिसले. न नेलेल्या मुलांपेक्षा नेलेल्या मुलांच्या हातून अधिक गुन्हे घडले होते.

आपला २०१५ चा बाल न्याय अधिनियम याहून शहाणा आहे. अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यास चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. त्या दोघांत किमान एक स्त्री असते. समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या हमीवर सोडणे असे मार्ग मंडळाला खुले आहेत. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार किरकोळ प्रकरणात सहसा गुन्हा नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे धाडायचा असतो. जोखीम समजून घेण्याची जागा कायद्याने येथे ठेवली आहे. मुलाची ओळख उघड करण्यासही मनाई आहे. पारावर बांधणे या सगळ्याच्या विरुद्ध होते.

तरीही शेतकऱ्याचा प्रश्न उरतोच : त्याच्या गव्हाचे काय? येथे पुनर्स्थापक न्यायाचा विचार येतो. मी त्याला सांधणारा न्याय म्हणतो. कॅनडातील एल्मायरा गावी १९७४ साली दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. मार्क यान्त्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना घरोघर पाठवले. दोघांनी ज्यांचे नुकसान केले त्यांच्यासमोर उभे राहून ऐकून घेतले आणि भरपाई दिली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मुलगा, त्याचे कुटुंब, नुकसान झालेला माणूस आणि पोलीस यांच्या एकत्र बैठकीला रीतसर स्थान दिले. अशा बैठकीत तीन प्रश्न असतात : कोणाचे काय बिघडले, त्याला काय हवे, आणि ते भरून कोण कसे देणार.

पुण्यात मे २०२४ मध्ये मोटारीखाली दोन जीव गेले, तेव्हा तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर लोक संतापले. माझ्या मते त्या अटीत सौम्यपणापेक्षा मोठी उणीव होती. ज्यांची माणसे गेली, त्यांना काही विचारण्याची जागाच त्यात नव्हती.

आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटे सामोपचाराने मिटवणारी समिती गावाला ओळखीची आहे. मुलांच्या किरकोळ प्रकरणांत बाल न्याय मंडळाच्या देखरेखीखाली अशी बैठक घेता येईल. पण तीन कुंपणे हवीत. लैंगिक अत्याचाराचे प्रकरण कधीही गावात मिटवायचे नाही. पॉक्सो कायद्याने ते कळवणे बंधनकारक आहे. जातपंचायतीसारखा दंड वा बहिष्कार चालणार नाही. बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदाच केला. आणि पाटलाची विहीर व पारध्याचा पोरगा समोरासमोर असतील, तर मुलाच्या बाजूने बोलणारे माणूस आधी बसवायचे. नाहीतर सांधणीच्या नावाखाली बळकटाचेच म्हणणे खरे होते.

कोयते निघण्याआधी ग्रामसभेने एक साधी नोंद करावी : मागे कोण मुले राहिली, कोणाजवळ राहिली, त्यांना कोण विचारील. ही वही पोलीस ठाण्यासाठी नसावी. शाळेसाठी आणि हंगामी वसतिगृहासाठी असावी.

तो मुलगा आता छत्तीस वर्षांचा आहे. यंदाही जोडीने कारखान्यावर जाईल. त्याची दोन मुले आजीजवळ राहणार आहेत. त्यांतला थोरला चौदाचा आहे.