गुणवंताचा सत्कार आणि चार वर्षांचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी गुणवंतांच्या सत्काराचे फलक झळकू लागतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, जमल्यास एखादे पाकीट आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा. यात वाईट काही नाही. मुलांच्या कष्टाची दखल घेतली गेलीच पाहिजे. पण घरची परिस्थिती बेताची असलेली आणि इंजिनिअरिंगला जाऊ पाहणारी मुले-मुली खऱ्या अडचणीत येतात ती या सत्कारानंतर दोन-तीन महिन्यांनी, आणि ती अडचण पुढे चार वर्षे सरत नाही. आपल्याकडे शैक्षणिक मदत बहुतेकदा मिळवलेल्या गुणांचे बक्षीस म्हणून दिली जाते. ती पुढच्या शिक्षणाची तरतूद म्हणून दिली गेली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. रक्कम मोठी नसली तरी चालेल. मात्र ती वेळेवर मिळावी, शुल्काबाहेरच्या खर्चालाही पुरावी आणि पदवी हातात पडेपर्यंत थांबू नये.

यावर पहिला प्रश्न येतो तो असा, की सरकारी योजना इतक्या असताना खासगी मदतीची गरजच काय? योजना खरोखरच आहेत आणि त्यांना कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातींच्या पात्र विद्यार्थ्यांचे शिक्षण शुल्क सरकार भरते. खुल्या प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मे शुल्क मिळते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या 'टीएफडब्ल्यूएस' योजनेत मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा असतात आणि त्यांना शिक्षण शुल्क लागत नाही. त्याच परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती निवडक मुलींना वर्षाला ५० हजार रुपये देते. राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ही यादी पाहिली की सगळी सोय झाल्यासारखी वाटते.

पण यादीतली योजना आणि विद्यार्थ्याच्या खात्यात जमा झालेले पैसे यांच्यामध्ये बरीच दारे आहेत. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात पडताळणी किंवा नॉन-क्रिमीलेअर, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) राउंडचे अलॉटमेंट लेटर, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनवर तपासला जातो, मग संबंधित विभागाकडे जातो. कुठे नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक निघाला किंवा दाखल्याची मुदत संपलेली असली, तर तो त्रुटी दाखवून परत येतो. सगळे सुरळीत झाले तरी मंजुरी आणि पैसे हप्त्याहप्त्याने येतात, अनेकदा वर्ष निम्म्याहून अधिक सरल्यावर. आणि हे एकदाच करून भागत नाही, नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. इकडे प्रवेश मात्र ठरलेल्या तारखेलाच पक्का करावा लागतो, खोलीचे डिपॉझिट आणि मेसचे आगाऊ पैसे पहिल्याच आठवड्यात द्यावे लागतात. पीक वाळून गेल्यावर आलेली पाण्याची पाळी जितकी उपयोगी, तितकेच मार्चमध्ये आलेले ऑगस्टचे पैसे.

शिवाय शुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण फुकट झाले असे नाही. पहिल्या वर्षाचा खर्च जवळून पाहिला की हे लक्षात येते. कॉट बेसिसवरचे भाडे आणि दोन वेळची मेस दर महिन्याला लागते. वर्कशॉपचा ड्रेस, सेफ्टी शूज, ड्रॉइंगचे साहित्य, प्रॅक्टिकलच्या जर्नल्स, झेरॉक्स, बसचा पास, परीक्षेचे फॉर्म हे सगळे वेगळेच. पहिल्याच सत्रात प्रोग्रामिंग असते. लॅपटॉप नसलेल्या मुलाला लॅबच्या दोन तासांत जे उरकेल तेवढेच करता येते, बाकीची मुले तेच रात्री खोलीवर पुन्हा करून पाहतात. यातला प्रत्येक खर्च लहान दिसतो आणि बहुतेक खर्च कोणत्याच शुल्कमाफीत बसत नाहीत. मग मुलगा संध्याकाळी डिलिव्हरीचे काम धरतो, आठवड्यातून दोन दिवस कॉलेज बुडते. बारावीपर्यंत मराठीतून किंवा सेमी-इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला व्याख्यानांचे इंग्रजीही त्याच वेळी पेलायचे असते. एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, किंवा मेकॅनिक्स राहते, पुढच्या सत्रात आणखी दोन विषय राहतात, राहिलेल्या विषयांसह वरच्या वर्गात जाण्याची, म्हणजे एटीकेटीची, मर्यादा ओलांडली की वायडी लागतो, म्हणजे वर्ष वाया जाते. कागदावर तो नापास झालेला असतो. त्यामागे मेसचे थकलेले बिल होते, हे निकालपत्रात येत नाही.

मदत किती दिली यापेक्षा ती कशी आणि किती काळ दिली, याने आयुष्ये कशी बदलतात हे आपल्या इतिहासात ठळकपणे दिसते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मैसूर सरकारच्या साहाय्यावर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, शिकले. १८८३ मध्ये ते स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात काम करताना त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याला बसले. ते साहाय्य शिक्षण पुरे होईपर्यंत टिकले. उलट उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ते इंजिनिअर नव्हते, पण शिष्यवृत्तीच्या मुदतीचा धडा त्यांच्याइतका कुणाच्या चरित्रातून मिळत नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिच्याविना ते अमेरिकेला जाऊ शकले नसते, हे निर्विवाद आहे. पण ते लंडनला शिकत असताना मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य एवढे जुळवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊ शकले. बुद्धी तीच होती आणि जिद्दही तीच होती. पैसा थांबला म्हणून तीन वर्षे गेली. ज्याच्याकडे एवढी जिद्द नसते, त्याचे शिक्षण तिथेच संपते.

मग मदत कुणाला करायची? बहुतेक ट्रस्ट आणि मंडळे टक्केवारी बघतात, कारण ते सोपे असते आणि कुणी पक्षपाताचा आरोप करत नाही. गुणवत्तेचा मान राखायलाच हवा, हा आक्षेप रास्त आहे. पण गुणवत्ता मोजताना ती कुठून निघाली हेही पाहावे लागते. दोन वर्षे नामांकित क्लास लावून सीईटीला ९७ पर्सेंटाइल मिळवणारा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून येऊन, क्लासविना ८८ मिळवणारा, यांच्यात पुढे कोण जास्त मजल मारेल हे त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. शिवाय पहिल्या क्रमांकावरच्याला देणारे हात पुष्कळ असतात. दुसऱ्याला कुणी विचारत नाही. इथे शिक्षकाच्या शिफारसपत्राचे महत्त्व आहे. दुर्दैवाने ही पत्रे साच्यातली असतात: 'सदर विद्यार्थी हुशार, होतकरू व गरजू असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' हेच वाक्य पन्नास अर्जांवर असले तर निवड करणाऱ्याने काय ठरवायचे? त्याऐवजी विद्यार्थ्याने गावातल्या बंद पडलेल्या पंपाचे स्टार्टर कसे दुरुस्त केले, सहामाहीत गणितात कमी पडल्यावर वार्षिक परीक्षेपर्यंत काय बदल केला, घरी कमावते किती आणि खाणारी तोंडे किती, हे चार ओळींत लिहिले तर त्या पत्राला वजन येते. शिक्षकाने यासाठी अर्धा तास काढणे हीसुद्धा मोठी मदत आहे.

पैसे देऊन मुलगा नापास झाला तर, अशी शंका देणाऱ्यांच्या मनात असते आणि ती बोलून दाखवण्यात गैर काही नाही. पण पहिल्या सत्राच्या निकालावर मदत तोडणे म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी हात काढून घेणे. विषय राहिला तर कारण विचारावे, पुढच्या सत्रासाठी अट घालावी, हवे तर वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला त्याला शिकवण्याचे थोडे पैसे द्यावेत. सलग दोन वर्षे प्रगती नसेल तर थांबावे. गैरवापराची भीती असल्यास मेसचे आणि वसतिगृहाचे पैसे थेट तिथे भरता येतात. दर सत्राला गुणपत्रिका मागणे हा अविश्वास नव्हे. तो दोघांमधला हिशेब आहे.

काहींना उलट बाजूची काळजी असते: सतत मदत मिळाली की मूल परावलंबी होते, ओशाळे होते. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचे उत्तरही महाराष्ट्राने फार पूर्वी शोधले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रुजवले. पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या मुलांना अल्प खर्चात वसतिगृहाची सोय देते आणि त्यांच्यावर कामाची जबाबदारीही टाकते. अभ्यासाला धक्का न लावणारे, ठरावीक तासांचे काम स्वाभिमान टिकवते. मेसच्या बिलासाठी रात्रभर करावे लागणारे काम अभ्यास संपवते. दोन्हींत फरक करता आला पाहिजे. मुलाला भावी आयुष्यभर बांधून ठेवणाऱ्या अटी मात्र टाळाव्यात. आंबेडकरांच्या शिष्यवृत्तीला बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरीची अट होती. प्रत्यक्षात अस्पृश्यतेमुळे त्या शहरात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही आणि नोकरी सोडावी लागली. मदत करणाऱ्याचा हेतू स्वच्छ असला तरी अट कशी पाळली जाईल हे त्याच्या हातात नसते.

शेवटचा आक्षेप अधिक बोचरा आहे: इंजिनिअर होऊन नोकऱ्या कुठे आहेत? पदवी घेऊन बेकार बसलेली मुले प्रत्येक तालुक्यात दिसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच मदत पैशांवर थांबू नये. कोणत्या महाविद्यालयात प्राध्यापक पुरेसे आहेत, प्रयोगशाळा चालते का, मागच्या वर्षी कोणत्या शाखेच्या मुलांना प्रत्यक्ष कामे मिळाली, हे शोधून देणारा माणूस ग्रामीण कुटुंबाकडे नसतो. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याचा कमी खर्चाचा मार्ग अनेकांना उशिरा कळतो. मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली तर शुल्कमाफीच्या योजना हातच्या जातात, हे तर पैसे भरून झाल्यावर समजते. कॅपचे पर्याय भरताना शेजारी बसून दिलेला एक दुपारचा वेळ पुढचे काही लाख रुपये वाचवू शकतो. शैक्षणिक कर्ज हा पर्याय आहेच, आणि 'पीएम-विद्यालक्ष्मी'सारख्या योजनेत व्याजात सवलतही आहे. पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे आणि अशा संस्थेत प्रवेश न मिळालेल्या मुलाचा प्रश्न तिथे सुटत नाही.

हे सारे करायला उद्योगपती असावे लागत नाही. एखाद्या शाळेच्या जुन्या बॅचमधल्या वीस जणांनी दरमहा पाचशे रुपये बाजूला काढले तर महिन्याला दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार होतात. त्यात दोन विद्यार्थ्यांच्या मेसचा आणि किरकोळ खर्चाचा बराच भार उचलता येतो. सरकारी पैसे येईपर्यंत बिनव्याजी उसने देता येतात आणि ते आले की तीच रक्कम पुढच्या मुलासाठी फिरवता येते. फक्त काही गोष्टी आधी ठरवाव्यात: मदत प्रवेशाच्या आठवड्यात सुरू होईल, चार वर्षे चालेल आणि गटातला एकजण त्या मुलाला दर महिन्याला फोन करेल. यंदा आपल्या गावात, सोसायटीत किंवा संस्थेत गुणवंतांचा सत्कार ठरत असेल, तर स्टेज, हार आणि स्मृतिचिन्हांचे अंदाजपत्रक एकदा समोर घ्यावे. त्यातली निम्मी रक्कम कापून एका मुलाच्या किंवा मुलीच्या पहिल्या वर्षासाठी ठेवावी, आणि पुढच्या तीन वर्षांची जबाबदारी कोण घेणार त्यांची नावे त्याच बैठकीत लिहून काढावीत.